स्वप्नात काढलेली कडी

मावशी, तुम्ही शनिवारी सकाळी गेलात आणि रविवारी दुपारी तुमचा आवाज लोकांच्या फोनवर गेला. रविवारचा शब्द मी तुम्हाला दिला होता. शब्द पाळला, पण तुम्ही ऐकायला नव्हतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं लिहिताना हेच मला टोचत राहणार आहे.

आपला रेकॉर्डिंगवाला इम्तियाज म्हणतो, मावशींवर चार ओळी लिही. जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण, असलं मला लिहिता येत नाही. जन्मतारीख तर तुम्हालाही ठाऊक नव्हती. आधार कार्डावर एक जानेवारी होती आणि तुम्ही म्हणायचात, "सरकारनं आमा सगळ्यास्नी एकाच दिशी जन्माला घातलंय." 'मागे कोण' याचं उत्तर तुम्ही मला पहिल्याच महिन्यात दिलं होतं. "कोन न्हाय," म्हणाला होतात. मी ते खरं धरलं.

त्याच आधार कार्डाची झेरॉक्स काढायला तुम्ही सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माझ्या छपाईच्या दुकानात आला होतात. मी एक लग्नपत्रिका जुळवत होतो. झेरॉक्स मशीन तापायला वेळ लावत होतं, म्हणून तुम्ही बाकावरच्या अनोळखी बाईला आदल्या रात्रीचं स्वप्न सांगायला लागलात. "सपनात लई पानी आलतं बघ. गळ्याला लागलं. मी त्या पान्यात बसून भाकऱ्या थापत हुते, आन् तवा कसा, लालबुंद. चूल काय इझंना." ती बाई झेरॉक्स न घेताच ऐकत बसली. माझा हात थांबला. त्या गडबडीत नवऱ्यामुलाचं आडनाव चुकलं आणि पत्रिका तशीच छापून गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात 'तळ्याच्या तळाशी' घोळत होती. फोनवर ऐकायची मालिका, दर रविवारी एक भाग. नऊ वर्षं टिकलेल्या एका मोठ्या उन्हाळ्यात जग संपलंय. सोलापुरातली उरलीसुरली माणसं आटलेल्या तळ्याच्या तळाशी खड्डे करून राहतायत. उष्म्यानं त्यांची आठवण जळून गेलीय. आपलं नाव काय, गाव कसं होतं, कुणाला काही सांगता येत नाही. फक्त झोपेत तुकडे येतात. रोज सकाळी प्रत्येकानं आपलं स्वप्न सगळ्यांसमोर सांगायचं आणि त्या स्वप्नांवरून गाव पुन्हा बांधायचं. त्यांचा एकच नियम, स्वप्न खोटं बोलत नाही. त्यांच्यातली सगळ्यांत जास्त स्वप्नं पडणारी म्हातारी म्हणजे गंगव्वा. तिला आवाज मिळत नव्हता. तुमची झेरॉक्स निघाली तेव्हा मी तुम्हाला विचारलं, नाटकात बोलाल का?

"म्हंजे खोटं बोलायचं का?" तुम्ही विचारलंत.

"गोष्ट सांगायची."

"मग चालतंय की."

अक्कलकोट रोडला टॉवेलचे काठ शिवायला तुम्ही जायचात. साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी, गल्लीतले माग बंद असायचे तेव्हा, दुकानाच्या माळ्यावर आपण रेकॉर्डिंग करायचो. आवाज घुमू नये म्हणून इम्तियाजनं चारी भिंतींना चादरी ठोकल्या होत्या. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी ओळ वाचायचो, तुम्ही डोळे मिटून ती तुमच्या तोंडानं म्हणायचात. पहिल्या दिवशी कानावरचा हेडफोन काढून इम्तियाज माझ्याकडे बघत राहिला. "भाई, इने बोल नै रै," तो म्हणाला, "देख रै."

माझ्या लिखाणाची तुम्ही किती खोड काढलीत! मी तळ्यातल्या माणसांच्या हातात बंदुका दिल्या होत्या, टोळ्या केल्या होत्या. जग संपल्यावरच्या गोष्टींत ते असतंच, असा माझा समज. तुम्ही हसलात. म्हणालात, "मास्तर, लई ऊन झालं की मानूस मारामारी करीत न्हाय. सावली हुडकतंय. आन् भांडलंच तर हंडा कुनाचा म्होरं, ह्यावर भांडतंय." मी सगळ्या बंदुका काढून टाकल्या आणि तिथं हंड्यांची रांग घातली. लोक म्हणाले, हे आपलंच आहे. ते तुमचं होतं, मावशी. मी कधी तसं जाहीर सांगितलं नाही. आज सांगतो.

चौदाव्या भागात मी लिहिलेली ओळ तुम्ही सोडलीत. गंगव्वानं स्वप्नात पावसाचा वास आठवायचा होता. मी ओळ वाचली. तुम्ही ती म्हटलीच नाहीत, दुसरंच बोलायला लागलात. "लेक आली दारात. उनात उबी. पिवळं पोलकं हाय अंगात, त्वांड वाळलंय. म्या उटले. कडी काडली. म्हनलं, ये यव्वा, पाय धू, जेव आदी. ती आत आली." एवढंच. इम्तियाजनं हातानं मला खूण केली, बंद करू नको. तुम्ही डोळे उघडलेत आणि पदरानं नाक पुसून विचारलंत, "काय म्हनले मी?"

मी विचारायला हवं होतं, मावशी, की ही लेक कुठली. मी नाही विचारलं. मला एवढंच कळत होतं की असला तुकडा मला जन्मात लिहिता आला नसता. पावसाचा वास काढून तो घातला. तो भाग सगळ्यांत जास्त ऐकला गेला. लोकांनी आपापल्या आयांना ऐकवला.

पुढच्या गुरुवारी दुकानात फोन आला. बाईचा आवाज, मागे कारखान्याचा गोंगाट.

"तुमच्या त्या सिरियलमधली म्हातारी. चंद्रव्वा नाव आहे का तिचं?"

मी हो म्हणालो.

"मी कस्तुरी. तिची मुलगी." मी काही बोलायच्या आत ती पुढं बोलू लागली. चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांनी मिळून तो भाग ऐकला होता. सगळ्या डोळे पुसत होत्या आणि हिच्या हातातला घास तसाच राहिला होता. "एकोणीस वर्षांनी आवाज ऐकला. पण दादा, त्या बाईनं कडी काढली नव्हती. लावली होती, माझ्या तोंडावर. तुमच्या गोष्टीत स्वप्न खोटं बोलत नाही ना? मग ही खोटं का बोलतेय?"

एकोणीस वर्षं ती तुमच्यापासून दोन शेअर रिक्षांच्या अंतरावर राहत होती. मागावरच्या एका तेलुगू मुलाशी तिनं तुम्हाला न सांगता लग्न केलं होतं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या दारात आली होती. त्या दुपारनंतर तुम्ही दोघी कधी भेटला नाहीत.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही माळ्यावर आलात, तेव्हा मी तुम्हाला हे सांगितलं. मला वाटलं रडाल. तुम्ही विचारलंत, "जाड झालीय का ती?"

"फोनवर कसं दिसणार, मावशी?"

"आवाज जाड झालाय का?"

"थोडा."

तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "लावा मशीन तुमची. पुन्यांदा सांगती. खरं हाय ते सांगती."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मला ते शब्दन्‌ शब्द आठवतंय. मी म्हणालो, भाग लोकांपर्यंत गेलाय, आता बदलता येत नाही. तुम्ही म्हणालात, मग नव्या भागात सांगू. मी म्हणालो, गंगव्वाचं स्वप्न खोटं निघालं तर मालिकेचा पायाच निघेल. तळ्यातली सगळी माणसं त्याच भरवशावर उभी आहेत. आणि तुम्हाला स्वप्न तर तसंच पडलं होतं ना?

"पडलं की. एकोनीस वर्सं त्येच पडतंय. सपनात रोज कडी काडती मी. जागी झाली की कडी लावल्यालीच अस्ती."

"मग झालं तर. स्वप्न खरंच आहे."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. कुणी माझ्या लिखाणाकडे इतकं सरळ आजवर बघितलं नव्हतं. "मास्तर, तुमची ती तळ्यातली मानसं सपनावरनं गाव बांदालीत. सपनात समदे चांगले. कुनी कुनाला हाकलल्यालं न्हाय, कुनी दार लावल्यालं न्हाय. तसलं गाव बांदून काय करनार? पयल्या दिशी कुनीतरी दारात येनार आन् ह्ये पुन्यांदा कडी लावनार. कारन लावलीती, ह्येच ठावं न्हाय त्यास्नी."

उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवतो, हे तुम्हाला तोवर माहीत झालं होतं. "लोकांना आशा हवी असते, मावशी," मी ओरडलो.

"कुनाला? तुमाला का तिला?"

तुम्ही जिना उतरून गेलात. उतरताना दोनदा थांबलात. मला वाटलं रागानं थांबलात. श्वास पुरत नव्हता, हे मला कळलं नाही. कळलं असतं तर धावलो असतो का, याचीही आज खात्री देता येत नाही.

आता जे सांगायचंय ते तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून ऐका. पुढचे भाग मी तुमच्याशिवाय केले. गंगव्वा आजारी पडलीय असं लिहिलं आणि एका कॉलेजातल्या मुलीला आवाज जाड करून कण्हायला लावलं. तुमच्या गल्लीतल्या पोरींनी तुम्हाला ते भाग ऐकवले, असं नंतर समजलं. तुमच्या जागी दुसरीला कण्हताना तुम्ही ऐकलंत आणि तेव्हा तुम्ही खरोखरच आजारी होतात.

सहा आठवडे मी तुमच्या गल्लीकडे फिरकलो नाही. मग एक दिवस तुमच्या शेजारची बाई दुकानात आली आणि म्हणाली, "मावशीला दवाखान्यात न्हेलंय. फुप्फुसं गेली म्हनं. तुमास्नी मशीन घेऊन बोलावलंय."

"मशीन?"

"आवाज धरायची."

वॉर्डात तुम्ही केवढ्याशा दिसत होतात. तोंडावर मास्क. मला बघून तुम्ही तो खाली ओढलात. सिस्टर धावत आली, तिनं तो परत चढवला आणि मला झापलं. ती पलीकडच्या खाटेकडे वळेपर्यंत तुम्ही वाट बघितलीत. मग पुन्हा मास्क खाली. मी तुमचा हात धरला, "मावशी, नको. मी लिहितो तसं, दुसऱ्या कुणाकडून वदवून घेतो." तुम्ही नुसती मान हलवलीत. माझ्या खिशातल्या रेकॉर्डरकडे बोट दाखवलंत.

मी तो सुरू केला. तुम्ही एक वाक्य बोलायचात, मास्क लावून श्वास घ्यायचात, पुन्हा काढायचात. माझं एक बोट बटणावर होतं आणि डोळे सिस्टरवर. आयुष्यात इतका घाबरून मी कधी बसलो नव्हतो. प्रत्येक वाक्यानंतर वाटायचं, हेच शेवटचं. आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्यातला तो लिहिणारा माणूस, मला त्याची आज किळस येते, पुढच्या वाक्याची वाट बघायचा.

"कडी म्या लावली."

"आत माजे दोगं भाव बसलेते. गावाकडनं आलते. म्हनले, ही घरात आली तर आमी तुला मेलो."

"भ्या वाटलं म्हून लावली, असं म्हनले तर सुटती का मी? न्हाय सुटत."

"काडता आली अस्ती. हात पोचत हुता."

मग बराच वेळ मास्क. मी विचारलं, "हे कस्तुरीला पाठवू?"

तुम्ही शेवटचं एकदा मास्क काढलात. "तिला तर ठावंच हाय. समद्यास्नी ऐकवा. खोटं समद्यांनी ऐकलंय न्हवं?"

तो मंगळवार होता. मी म्हणालो, रविवारी नक्की. तुम्ही डोळ्यांनीच बरं म्हणालात. घरी येऊन मी ते ऐकलं आणि खरं सांगतो, बुधवारी, गुरुवारी मी त्याला हात लावला नाही. अजूनही मला मार्ग शोधायचा होता. तुमचंही ठेवायचं आणि माझा नियमही वाचवायचा. शुक्रवारी इम्तियाज म्हणाला, "तेरा रूल बचाने वास्ते उनो मास्क नै निकाले." मग आम्ही दिवसभर बसलो. तळ्यातल्या माणसांसमोर गंगव्वा उभी राहते, वॉर्डात धरलेली तुमची वाक्यं बोलते, आणि कळतं, तिचं स्वप्न खोटं आहे. सगळे हादरतात. आणि त्या दिवसापासून तळ्यात नवा नियम लागतो. सकाळी स्वप्न सांगायचं आणि दुपारी, जागेपणी, जे सांगवत नाही ते सांगायचं. गाव बांधायचं ते दोन्ही समोरासमोर ठेवून. वीस भागांत मला जे सुचलं नव्हतं, ते तुम्ही चार वाक्यांत सांगितलं होतं.

भाग शुक्रवारीच पाठवला असता तर तुम्ही ऐकला असतात. शेजारणीच्या फोनवर, वॉर्डात, कानाशी धरून. पण मालिकेचा वार रविवार. मी वार पाळला.

शनिवारी सकाळी दवाखान्यातून निरोप आला. मी कस्तुरीला फोन केला. "गेल्या," म्हणालो. पलीकडे खोक्यांना टेप लावल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग परत सुरू झाला.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मयतीला ती आली नाही. मी दर रिक्षाकडे बघत होतो. तुमचा धाकटा भाऊ आला होता, वाकलेला, काठी टेकत. तो कुणाशी बोलला नाही, मीही त्याच्याशी बोललो नाही. मला त्याचा राग येत होता आणि राग करायचा मला काय हक्क, असंही वाटत होतं. मीही तुम्हाला सहा आठवडे बाहेर उभं केलं होतंच की.

रविवारी भाग गेला. काही लोक चिडले. आमच्या गंगव्वाला वाईट का केलंत, असं लिहिलं. काहींनी काहीच लिहिलं नाही आणि नंतर दुकानात येऊन, झेरॉक्सचं निमित्त काढून, स्वतःच्या घरातलं काहीबाही सांगून गेले. मी ऐकत बसलो. एवढं मला तुमच्याकडून आलंय.

बुधवारी दुपारी कस्तुरी आली. खांद्याला डब्याची पिशवी, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात. तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगतो, जाड नाही झालेली. कानशिलाजवळ पांढरे केस आहेत. ती बाकावर बसली, पाणी नको म्हणाली.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "तिनं सगळं सांगितलं नाही."

म्हटलं, आता आणखी काय. आता तर तुम्हाला उत्तरही देता येणार नाही. पण मी थांबवलं नाही. दुपारी, जागेपणी, जे सांगवत नाही ते सांगायचं, हा नियम माझ्याच दुकानात झाला होता.

"मामांच्या वहाणा उंबऱ्यापाशी दिसल्या, तेव्हाच मला कळलं होतं. तरी हाक मारली. ती दारापर्यंत आली, माझ्याकडं बघितलं आणि कडी लावली. ते तिनं सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. आत मशीन सुरू झाली. तिची शिलाईची. तेव्हा ती घरीच टॉवेल शिवायची." ती थांबली. "तुम्हाला नाही कळणार दादा, पण काठ शिवताना मशीन दबून चालते. कोपरा आला की थांबते, कापड फिरवायचं असतं. ही थांबतच नव्हती. मोकळी खडखडत होती. खाली कापडच नव्हतं."

"रिकामी?"

"रिकामी. मामांना काय कळणार, ते मेंढरांमागं फिरणारे. त्यांना वाटलं असेल, बाई कामाला लागली. मला कळलं, हिचं लक्ष कापडावर नाही, दारावर आहे. मी आठवीपासून तिच्या शेजारी बसून दोरे कापलेत. तशी रिकामी चालवली की दोरा गुंततो, सुई मोडते. एक सुई मोडली म्हणून मला मारलं होतं तिनं." ती हसली, आणि मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "ती बाई रिकामी मशीन चालवत होती."

दुकानात आम्ही दोघंच होतो. बाहेर गल्लीत माग चालू होते.

"हे सिरियलमध्ये नका घालू," ती उठताना म्हणाली. मग दारात थांबून म्हणाली, "पण मला कळलं होतं, एवढं तिला कळायला पाहिजे होतं."

मावशी, हा लेख त्यासाठी लिहिला. मालिकेत घातलं नाही. पण लिहून झाल्यावर तिला विचारल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, हे ठरवलं होतं. एकदा तुमचं न विचारता वापरलं, पुन्हा नाही. काल तिची ड्यूटी सुटल्यावर चिंचोळीच्या फाटकापाशी गेलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून तिला सगळं वाचून दाखवलं. भावांचं, सिस्टरचं, माझ्या शुक्रवारचं. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, 'कस्तुरी थोडा वेळ दाराबाहेर उभी राहिली आणि निघून गेली.'

तिथं तिनं हात वर केला. "थोडा वेळ नाही. ते खोडा."

"मग काय लिहू?"

"आले तेव्हा ऊन उंबऱ्यावर होतं. निघाले तेव्हा समोरच्या भिंतीवर गेलं होतं."

"एवढा वेळ? उन्हात?"

"मशीन चालू होती ना," कस्तुरी म्हणाली. "ती थांबल्याशिवाय कशी जाणार मी?"